दर्जा दोन

पूर्वसूचना
धारक : प्रणिता
घटना : नातलग आजारी
दर्जा : दोन
नोंदवणारे आप्त : उदय (मामा)
वेळ : सकाळी ९.१२
शेरा : काळजीचं कारण नाही

यातली वेळ तेवढी खरी आहे.

खरी नोंद अशी व्हायला हवी होती : विक्रांत, प्रणिताचा धाकटा भाऊ, वय एकोणपन्नास. रविवारी सकाळी आठ चाळीसला जामनेरच्या आपल्या पंपाच्या मोटरी रिवाइंड करायच्या दुकानात खुर्चीवर बसला, उठला नाही. दर्जा पाच.

मला हे साडेनऊला कळलं. माझ्या बायकोच्या शरीराला माझ्या अठरा मिनिटं आधी कळवलं गेलं, आणि चुकीचं कळवलं गेलं.

*

"योगेश, दोन आला रे," प्रणिता स्वयंपाकघरातून म्हणाली. नऊ पंचवीस झाले असतील. ती लसूण सोलत होती. "कोणी टाकला? तू?"

"मी नाही."

"मग मामा. विकू टाकतो तेव्हा आधी मेसेज करतो, 'ताई, मोटर चालू करतोय' म्हणून." तिने हात पुसले आणि डाव्या कुशीवर, जिथे कातडीखाली डबी आहे, तिथे दाबून पाहिलं. "बोटं गरम झालीत बघ. दोनच. एक असता तर नुसता घसा कोमट झाला असता. तीनला मला भूक लागते."

मामांचा फोन आला तो मी गॅलरीत जाऊन घेतला.

"योगेशराव, बसलेले आहात का?"

"बोला मामा."

"आपला विक्रांत गेला हो."

मी कठडा धरला. खाली शेजारचे गाडी धूत होते. त्यांनी वर बघून हात केला. मीही केला.

"प्रणिताला काही बोलू नका. सांगा, घरी तब्येत जरा जास्त झालीय, निघून या म्हणताहेत. दोन वाजेपर्यंत थांबवतो आम्ही, त्याच्या पुढे नाही, ऊन फार आहे. आणि डबीची काळजी करू नका, मी कळवलंय."

"किती टाकलं मामा?"

"दोन."

"दोन? दोन म्हणजे कोणाला तरी ताप आलाय! अशा वेळी पाच टाकायचं असतं."

"एकदम पाच? धक्का नाही का बसणार पोरीला? हळूहळू चढवू की. आत्ता दोन, गाडीत बसलात की तीन, गावाच्या वेशीवर आलात की—"

"मामा, तसं नसतं. ते यंत्र आहे. त्याला खरं सांगायचं असतं."

"अहो यंत्राला काय आणि माणसाला काय, वाईट बातमी एकदम सांगू नये." मग त्यांचा आवाज फाटला. "मी या हातांनी उतरवला त्याला खुर्चीतून. पाचवर बोट जाईना हो."

मी आत गेलो.

"कोण आजारी आहे?" प्रणिताने विचारलं.

"आईंना जरा बरं नाही," मी म्हणालो. "जाऊन येऊ."

मामांना उपदेश करून दोन मिनिटंही झाली नव्हती.

"आणि निघायच्या आधी दोन पोळ्या खाऊन घे," हेही मीच म्हणालो. घरात गेलेल्याची बातमी असते तेव्हा आमच्याकडे आधी जेवायला घालतात. नंतर घास उतरत नाही म्हणून. मला हे कोणी शिकवलेलं नाही.

*

थोडं शास्त्र, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. अधिवृक्क. ती कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक तयार करते. आपण घाबरलो, पडलो, ताप आला, कोणी गेल्याचं कळलं, की मेंदू आपल्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला हुकूम सोडतो, पीयूषिका अधिवृक्काला, आणि काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसोल वाढू लागतं. ते रक्तदाब पडू देत नाही, साखर उतरू देत नाही. दुःख सहन करणं याला आपण मनाचं काम समजतो. बरंचसं काम या दोन टोप्यांचं आहे.

प्रणिताच्या टोप्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिच्याच प्रतिकारशक्तीने परक्या समजून खाऊन टाकल्या. अ‍ॅडिसनचा आजार. आधी वजन उतरलं, मग कातडी काळवंडली, तळहाताच्या रेषा शाईने काढल्यासारख्या दिसायला लागल्या. शाळेतल्या बायका विचारायच्या, उन्हात फिरता का हो मॅडम. मग गोळ्या सुरू झाल्या. सकाळी, दुपारी, आणि ताप आला की दुप्पट.

ताप मोजता येतो. आठ वर्षांपूर्वी तिचे वडील गेले, ते कोणाला मोजता आलं नाही. ओसरीवर कोणीतरी मोठ्याने रडून सांगितलं, आणि ती उभ्याची खाली बसली, बसल्याची आडवी झाली. मी मांडीत इंजेक्शन दिलं. वेळेत दिलं. तरी चार दिवस अतिदक्षता विभागात, आणि त्यातली पावणेदोन मिनिटं हृदय बंद. डॉक्टर मला म्हणाल्या, दुसऱ्यांदा असं झालं तर मी शब्द देऊ शकत नाही.

नंतर डबी आली. कृत्रिम अधिवृक्क. काडेपेटीएवढी. ती दर मिनिटाला शरीरातलं कॉर्टिसोल मोजते आणि कमी पडेल तितकं कातडीखाली सोडते. तापाला, जिन्याला, रोजच्या धावपळीला ती पुरते. पण मेंदूचा हुकूम तिला ऐकू येत नाही. हृदय धडधडलं तर ते बस पकडण्यासाठी की भाऊ गेल्यामुळे, हे तिला ठरवता येत नाही, आणि ठरेपर्यंत उशीर झालेला असतो. कातडीखाली सोडलेलं औषध रक्तात पुरतं चढायला चाळीस मिनिटं लागतात.

म्हणून पूर्वसूचना. मोठी बातमी द्यायची असेल तर घरच्यांनी चाळीस मिनिटं आधी डबीला कळवायचं. एक म्हणजे परीक्षा, भांडण. दोन म्हणजे कोणी आजारी. तीन म्हणजे दाढ काढणं. चार म्हणजे अपघात किंवा ऑपरेशन. पाच म्हणजे मृत्यू.

आधी शरीराला सांगायचं, मग माणसाला.

*

रुग्णालयात अंतःस्राव विभागाच्या बाहेर, डॉक्टरांच्या देखत बातमी द्यायची असेल त्यांच्यासाठी, एक लांब बाक आहे. त्यावर नातेवाईक बसलेले असतात, ओठ मिटून. समोरच्या बाकावर त्यांचा रुग्ण, हळूहळू गरम होणारी बोटं चोळत. सगळ्यांना ठाऊक असतं की काहीतरी आहे. चाळीस मिनिटं सगळे भिंतीवरचं घड्याळ बघतात. मी तिथे एकदा एका म्हाताऱ्याला बायकोला म्हणताना ऐकलं, "नुसतं एवढं सांग, पोराचं की पोरीचं?"

*

आमच्यात अचानक असं काही उरलं नाही.

बदलीचा अर्ज तिला न विचारता केला होता, ते सांगायच्या आधी मी एक टाकला. चाळीस मिनिटांनी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "बदली ना? एकमध्ये बसण्यासारखी दुसरी कुठली लबाडी तुझ्याकडे आहे?" तिच्या पन्नाशीला विकूने गुपचूप सगळ्यांना बोलावलं होतं. आनंदाचाही शरीराला ताणच, म्हणून त्याने दोन टाकला. ती चाळीस मिनिटं बाथरूममध्ये बसून राहिली. दार उघडून बाहेर आली, समोर केक, टाळ्या. विकूला तिने सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. "ताई, मोटर बिघडली तर आण दुकानात," तो म्हणाला, "फुकट रिवाइंड करून देतो. दाजींचीच आण खरं तर, ती सुरूच होत नाही."

मी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक आहे. बाजारातले काटे तपासून शिक्का मारतो. एखादा काटा पाच ग्रॅम कमी दाखवत असेल तर मी तो उचलून नेतो. मामांचं नाव आप्तांच्या यादीत मीच घातलं. तीनच नावं घालता येतात. मी, विकू आणि तिसरी तिची मैत्रीण ठरली होती. पण मामा रुसले. "मला परकं केलंत," म्हणाले, आणि दिवाळीला आले नाहीत. मान राखायला आम्ही मैत्रिणीचं नाव काढून त्यांचं घातलं. बोट कसं ठेवायचं ते शिकवलं. दर्जे वाचून दाखवले. ते मान डोलावत होते.

*

सिल्लोडला गाडी चार्जिंगला लावून मी पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने दुकानामागे गेलो. डबीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आवाज बाईचा होता. बाई नव्हती.

"नमस्कार योगेशजी. प्रणिताजींच्या खात्यावर आज ९.१२ला दर्जा दोनची नोंद आहे."

"ती चुकीची आहे. पाच करायचीय."

"एका आप्ताची नोंद झाल्यावर सहा तास कोणत्याही आप्ताची दुसरी नोंद घेता येत नाही. हे धारकाच्या सुरक्षेसाठी आहे."

ते मला माहीत होतं. सुरुवातीला असं बंधन नव्हतं. एका घरात आजोबा गेले तेव्हा सात जणांनी प्रेमाने सात वेळा पाच दाबलं आणि धारक तीन दिवस भ्रमात होता.

"सहा तास म्हणजे तीन बारा. दोन वाजता अंत्यसंस्कार आहे."

"आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. धारक स्वतः कधीही दर्जा बदलू शकतात. डबीवर अंगठा ठेवून."

"त्यासाठी तिला सांगावं लागेल."

"होय."

"सांगितलं तर धोका आहे."

"होय. म्हणून सांगण्याआधी चाळीस मिनिटं पूर्वसूचना द्यावी."

"कशी देऊ?"

"धारक स्वतः कधीही दर्जा बदलू शकतात."

मी फोन ठेवला. मामांना लावला. चारपर्यंत थांबा म्हणालो.

"नाही हो जमणार. आधीच लोक बोलताहेत. आणि ताई उन्हात अंगणात बसून आहे त्याच्याजवळ, उठतच नाही." ताई म्हणजे मामांची बहीण, माझ्या सासूबाई. "तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही लवकर या, प्रणिता आली की सावरेल ती."

"मामा, प्रणिताला कोण सावरेल?"

"तुम्ही आहात ना."

औषधाचं इंजेक्शन गाडीत होतं. ते मांडीत द्यायचं, बाटली फोडून, सुई भरून. बायकोला न सांगता देता येत नाही. आणि 'तू स्वतःच पाच टाक' असं म्हटलं तर पाच हा आकडा माझ्या तोंडून निघणं हीच बातमी.

पाणी घ्यायला विसरलो.

*

गाडीत तयार केलेली वाक्यं :

प्रणिता, एक मिनिट गाडी बाजूला घेतो.

प्रणिता, मामांनी जरा घोळ घातलाय.

विकू सकाळी दुकानात

हे बघ, तू खंबीर आहेस

(कॉर्टिसोल नसताना कोणी खंबीर नसतं.)

आपण जरा हळू जाऊ का?

शेवटचं तेवढं बोललो.

"हळूच चाललायस तू," ती म्हणाली. "मागचा ट्रॅक्टर वैतागलाय."

*

गोळेगावच्या पुढे एका टपरीपाशी तिने गाडी थांबवायला लावली. बारा वाजायला दहा कमी. चहाचे दोन ग्लास गाडीच्या टपावर ठेवले आणि ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"योगेश, हे दोन नाहीये."

"म्हणजे?"

"तू मला जबरदस्तीने दोन पोळ्या खायला लावल्यास. माझा फोन तुझ्या खिशात आहे, चार्जिंगला नाही. सिल्लोडला पाणी आणायला गेलास आणि रिकाम्या हाताने आलास. आणि सकाळपासून एकालाही शिवी दिलेली नाहीस. आजारी माणसाला बघायला जाताना तू असा नसतोस."

मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ओठ पांढरे पडले की समजायचं.

"आई गेली ना?" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं.

"बोलू नकोस!" तिने तळहात माझ्या तोंडावर धरला. "एक शब्द नको. दे माझा फोन."

तिने गाडीचा आधार घेतला. ओठ पांढरे झाले होते, कपाळावर घाम होता, पण ती उभी होती. एकोणऐंशी वर्षांची आई, दोन वेळा पडलेली, गेल्या पावसाळ्यापासून काठीवर. तिचं जाणं प्रणिताने मनाशी किती वेळा घोकलं असेल. ते दोनमध्ये मावलं. जेमतेम मावलं. विकू मावला नसता.

मी तिचा तळहात तोंडावरून काढला नाही. ती चूक दुरुस्त करायला लागणारं एक वाक्य माझ्याकडे होतं, आणि त्या वाक्यापाठोपाठ तिने विचारलं असतं, मग कोण?

तिने कुर्त्याखालून अंगठा डबीवर ठेवला. फोनवर दर्जा पाच निवडला. फोनने विचारलं, घटनेचं स्वरूप? तिने लिहिलं, आई.

"मामांनी दोन टाकला," ती म्हणाली. "वेडा आहे तो मामा. चाळीस मिनिटं. तोवर तू काही सांगायचं नाहीस. कधी, कशी, काही नाही. मी बोलेन. तू नुसती गाडी चालव."

तिचे सगळे मेसेज मी आधीच बंद केले होते. फोन तिने परत माझ्याकडे दिला. "ठेव तुझ्याकडेच. बघावंसं वाटेल मला."

*

चाळीस.

"सुटली रे," ती म्हणाली. "खरंच सुटली. गेल्या महिन्यात म्हणत होती, प्रणे, गुडघे आता माझं ऐकत नाहीत, मीच त्यांचं ऐकते. मी हसले होते."

सदतीस.

अजिंठा गाव. रस्त्यात म्हशी. मी हॉर्न वाजवला नाही. मग ती शिव्यांचं बोलली होती ते आठवलं, आणि वाजवला.

चौतीस.

"वाईट एवढंच की मी शेवटचं नीट बोलले नाही. गुरुवारी फोन केला होता तिने. मी पेपर तपासत होते. म्हटलं, आई, रविवारी करते. आज रविवार." ती काचेबाहेर बघत होती. "आज करणार होते मी."

करता येईल. आताही करता येईल. त्या अंगणात बसल्या आहेत, फोन कोणीतरी कानाला लावून देईल. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की गाडीने 'चालक थकला आहे का' असं विचारलं.

एकतीस.

घाट सुरू झाला. पळसाचा बहर संपला होता, डोंगर करपलेले होते.

"विकूला फोन लाव."

"रेंज नाही इथे."

"हं." थोड्या वेळाने, "सकाळपासून त्याचा फोन नाही. त्याला बोलवत नसेल. आईवेडा आहे तो. बाबा गेले तेव्हा मी पडले ना, तर तो दोन्हीकडे होता. स्मशानात आणि माझ्यापाशी. रडलाच नाही. तेराव्यानंतर दुकानात जाऊन शटर ओढून रडला. मनीषाने सांगितलं मला." मनीषा म्हणजे विकूची बायको. "या वेळी तसं नाही करायचं त्याला. या वेळी मी आहे. बरं झालं पाच टाकलं. त्याच्यासाठी तरी उभी राहीन."

मला बोलायची मनाई होती. त्या मनाईमागे लपलो होतो, हे खरं.

पंचवीस.

फोनच्या पडद्यावर हिरवी रेघ चढत होती. पातळी एकोणीस. तिच्या गालावर रंग परत आला होता. औषध आपलं काम नीट करत होतं. विकूसाठी लागणारं सगळं बळ तिच्या रक्तात उतरत होतं आणि ती ते आईसाठी खर्च करत होती.

चुकीच्या माणसासाठी रडलं तर ते दुःख वाया जातं का? पुढच्यासाठी किती उरतं? याचा काटा आमच्या खात्यात नाही.

वीस.

ती रडली. शांतपणे, खिडकीकडे तोंड करून. मी एक हात तिच्या मानेवर ठेवला.

"तू मला फसवू नाही शकत," ती नाक पुसत म्हणाली. "पोळ्या! आईंना जरा बरं नाही म्हणे. चेहरा बघायचा होतास आरशात."

सतरा.

फर्दापूर. "आईच्या अंगावर ती मोरपिशी साडी घालायला सांग. विकूने पहिल्या कमाईची घेतलेली. ट्रंकेत खाली आहे, कोणाला सापडायची नाही. सांगशील?"

"सांगतो."

"आत्ता नको. चाळीस होऊ देत."

बारा.

मी वेग चाळीसवर आणला. मग तीसवर. माझ्या मनात आलं, असंच चालू राहावं. हा रस्ता पहूरला न पोचता असाच जात राहावा, आणि तिच्या जगात विकू जिवंत असावा, शटर ओढून बसलेला, ताईची वाट बघत. आठ किलोमीटर लांबीचं जग. त्यात आई गेलेल्या आहेत, पण ते तिला पेलतंय.

नऊ.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. "खरं सांगते, लाज वाटते म्हणायला. हात बघ, थरथर नाही. आई गेलीय आणि मला भूक लागलीय." ती थोडं हसली. "विकूलाही लागली असेल. कोणी चहा दिला असेल का त्याला?"

सहा.

तिने गळ्यातली ओढणी काढून केस नीट बांधले. पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. पोचल्यावर काय काय करायचं ते ती मोजायला लागली. आधी विकूला बाजूला घ्यायचं. मग मनीषाला सांगायचं की बस थोडी, मी बघते. मग आईजवळ.

तीन.

पहूरच्या अलीकडे कापसाच्या जिनिंगची लांब भिंत लागते. भिंतीच्या सावलीत मी गाडी उभी केली. इंजिन नसलेल्या गाडीत थांबल्यावर काहीच आवाज होत नाही. पातळी छत्तीस. मी इंजेक्शनची पेटी पायाशी ओढून घेतली. तिने ते पाहिलं.

"ते कशाला? मला काही होत नाहीये आता."

एक.

ती माझ्याकडे वळून बसली. डोळे लाल, पण चेहरा असा स्वच्छ, की मला तो पुढच्या मिनिटाला बघायचा नव्हता. फोन वाजला. रेघ पूर्ण हिरवी. खाली अक्षरं आली : धारक तयार आहे.

"झाली चाळीस," प्रणिता म्हणाली. "आता सांग. शेवटी त्रास झाला का रे आईला?"

"आई बऱ्या आहेत," मी म्हणालो.

तिला कळायला क्षणभर लागलं. मग तिचा चेहरा उजळला. मी तिला इतकं आनंदी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. ती हसली, दोन्ही मुठींनी माझ्या खांद्यावर मारायला लागली. "गाढवा! चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं रडवलंस मला! आई बरी आहे आणि तू... बोलला का नाहीस? एक शब्द बोलला असतास तर—"

तिची मूठ माझ्या खांद्यावर थांबली. उघडली. शर्टाला धरून राहिली.

"योगेश," ती म्हणाली, "मग तू मला पाच का टाकू दिलंस?"